रिकाम्या जागेचा जबाब

माघ अखेर, १९५८

प्रिय इस्तारी,

पत्राच्या वरच कारण लिहायची रीत आहे, हे मला ठाऊक आहे. पण कारण आधी लिहिलं तर तू तेवढंच वाचून कागद खिशात कोंबशील, म्हणून मी ते शेवटी ठेवलं आहे. तुला तिथपर्यंत यावंच लागेल. आणि हे पत्र खाणीवरच्या तुझ्या खोलीतल्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस. शाळेतून पळून तू तलावावर जायचास, तेव्हा तुझ्या पाटीवर मी लिहून ठेवायची, तरीसुद्धा दोन इयत्ता झाल्यात तुझ्या. अक्षराला अक्षर लाव आणि वाच. वेळ लागला तरी लागू दे, मलाही हे लिहायला वेळ लागतो आहे. चुलीपाशी बसले आहे. सासूबाई बोडीच्या तळ्यावर गेल्यात आणि तुझे भाऊजी आत खाटेवर पडलेत.

यंदाच्या बैठकीत बाबांचा डफ गेला, हे आपल्या फडातल्या पोचूनं तुला सांगितलंच. आता तो आपल्याला हरवणाऱ्या वारलू शाहिराच्या ओसरीत खुंटीला उलटा टांगलेला आहे. होळीपर्यंत आपण तो सोडवला नाही, तर रिवाजाप्रमाणे त्यांच्या गावच्या होळीत जाईल. आधी कातडं फाडतील, मग लाकडी कडं आगीत टाकतील. बाबांच्या हाताच्या घामानं काळं पडलेलं ते कडं. पोचू तुझ्याकडून परत आला तो दारातच उभा राहिला, आत येईना. मग खाली बघत म्हणाला, "बाई, इस्तारी म्हने का जळू दे." मी त्याला खोटारडा म्हटलं, चुलीतलं लाकूड उगारलं. तो बिचारा मोटारीच्या धुळीनं पांढरा झालेला. नंतर त्याला भात वाढला, कारण तू असंच म्हणाला असशील हे मला आतून ठाऊक होतं. राग आला की तुला सगळं जळावंसं वाटतं, आणि राग उतरला की घागर घेऊन पहिला तूच धावतोस. पण होळी काही तुझा राग उतरेपर्यंत थांबणार नाही रे.

डफ गेला त्या दिवसापासून तुझे भाऊजी जाळं घेऊन तलावावर गेले नाहीत. सुरुवातीला रोज कलालाच्या दारूच्या दुकानी जाऊन पडायचे, तेव्हा मी चिडायची. आता तिथंही जात नाहीत, तर वाटतं, निदान तिथं तरी जावं. ताप भरतो, उतरतो, पुन्हा भरतो. वैदूचा काढा आणला, अहेरीच्या दवाखान्यातली बाटली आणली, दोन्ही उशाशी तशीच पडून आहेत. भात पुढे ठेवला तर बोटांनी चिवडतात. बरगड्या दिसायला लागल्यात. माझ्याशी बोलत नाहीत, सासूबाईंशी बोलत नाहीत. ज्या माणसाचा सवाल ऐकायला लोक कोसाकोसावरून चालत यायचे, तो आता पाणीसुद्धा मागत नाही. मला भीती वाटते, इस्तारी. जाळ्यात साप आला तर हातानं सोडवून टाकणारी मी, तुला ठाऊक आहे. पण आता पहाटे उठते आणि आधी त्यांच्या नाकापुढे हात धरून बघते.

तुझा राग सगळा त्यांच्यावर आहे. थोडा बाबांवरही असू दे, कारण हा गुंता त्यांनीच घालून ठेवला. कलालाच्या मांडवातली बैठक तू आयुष्यभर समोरून पाहिलीस. मी ती बांबूच्या तट्टीच्या मागून, बायकांत बसून पाहिली आहे, आणि मागून वेगळंच दिसतं. धान घरात आलं की बाजाराच्या दिवशी दोन गावांचे फड समोरासमोर बसतात. एक सवाल टाकतो, दुसरा जबाब देतो, आणि बरोबर जबाबाला कलालाकडून द्रोण भरून मोहाची मिळते. म्हणजे जो जिंकतो तो पीत जातो, आणि पीत पीत हरतो. हा रिवाज ज्यानं पाडला तो कलालच असणार! बाबांच्या तरुणपणी त्यांच्या फडातला एक गडी असाच जिंकून जिंकून झिंगला आणि आपल्याच सवालाचा जबाब समोरच्या शाहिराच्या कानात सांगून बसला, वर त्याच्याच गळ्यात पडून रडला. तेव्हापासून बाबांनी ठरवलं, सवाल एकाजवळ ठेवायचा आणि जबाब दुसऱ्याजवळ. सवाल टाकणाऱ्याला जबाब ठाऊक नाही, जबाब देणाऱ्याला कोणता सवाल निघणार ते ठाऊक नाही. "ज्याच्या पोटातच नाई, ते दारूनं बाहेर काय येईन?" असं म्हणून बाबा मिशीत हसायचे. लोकांना ते वेडेपण वाटायचं, आणि बाबांचा, लटारू उस्तादाचा, फड जिंकून घरी यायचा.

तुम्हा दोघांना ते वेगवेगळं शिकवायचे. तुझे भाऊजी तेव्हा नुसते दोन घरं पलीकडचे मनसाराम होते. (बघ, लग्नाआधीचे म्हणून नाव लिहून टाकलं, आता पुढे स्वतःच्या तोंडानं लिहिणार नाही.) त्यांना डोंग्यात घालून बाबा तलावाच्या मध्यावर न्यायचे, पाण्यावर कोण ऐकणार म्हणून. तुला मात्र घरात, पडवीत, गोष्टी सांगून जबाब शिकवायचे. मी तिथंच धान कांडत असायची. मुसळ थांबलं की बाबा लगेच म्हणायचे, "कांड व पोरी, काऊन थांबली?" मुसळाच्या आवाजात त्यांचं बोलणं शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मला तिथं उभं केलेलं असायचं. मलाही दोन कान आहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. पोथी वाचून दाखवायलाही मीच, कारण तू शाळेतून पळालेला. मग माझं लग्न काढलं ते सवालवाल्याशीच. मांडवात बाबा दिसेल त्याला सांगत होते, "सवालबी घरात राह्यला, जबाबबी घरात राह्यला." हळदीच्या अंगानं मी ते ऐकलं. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. नवरा आवडला होता.

बाबा गेल्यावरही तुमची जोडी चालली. मग गेल्या वर्षीची ती बैठक. तुझा शेवटचा जबाब बसला, लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, आणि ह्यांना ते सोसलं नाही. दारूत म्हणाले, पण सगळ्यांदेखत म्हणाले, "जबाब काय, पोपटबी देते. सवाल टाकाले डोकं लागते." तू हातातला द्रोण खाली ठेवलास आणि उठून गेलास. चूक त्यांचीच होती. घरी आल्यावर मी त्यांना तसं सांगितलं आणि पुढे किती तरी दिवस शिळं वाढलं. पण तू माझ्या शिळ्या भातानं थांबणारा नव्हतास. तुला बल्लारपूरच्या खाणीत जायचं होतं.

मोटारीपर्यंत मी आणि पोचू तुझ्याबरोबर आलो. तू वाटभर एक शब्द बोलला नाहीस. मोटार सुरू झाली, कंडक्टर ओरडत होता, तू पायरीवर पाय ठेवलास, मग परत खाली उतरलास, खांद्यावरचं तुणतुणं काढलंस आणि माझ्या हातात दिलंस. तेव्हाही काही बोलला नाहीस. चढून गेलास आणि मुद्दाम पलीकडच्या खिडकीशी बसलास. ते तुणतुणं जबाबवाल्याचं. बाबांनी पंचांपुढे ते तुझ्या हातात ठेवलं होतं तेव्हा लटारूनं पोराला जागा दिली, असंच सगळ्यांनी मानलं. मी ते घरी आणून खुंटीला अडकवलं. ह्यांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं. तोंड फिरवताना डोळे भरले होते, तेही सांगून ठेवते, तुला आवडो न आवडो.

यंदा बैठकीला जाऊ नका, असं मी परोपरीनं सांगितलं. पण कलालानं सगळीकडे उठवून दिलं होतं की आता आपण मुंबई राज्यात गेलो, तिकडे दारूबंदी आहे, ती आज ना उद्या इथंही येणार, दुकान बंद होणार, म्हणजे ही बैठक शेवटचीच समजा. मग हे कसले ऐकतात? तुझ्या जागी पोचूला बसवायचं ठरलं. पोचू झील धरायला, मागून सूर ओढायला चांगला, पण त्याला सवाल विचारला तर तो आधी घाबरतो आणि मग हसतो. तो तुणतुणं मागायला आला. मी दिलं नाही. तुझी वस्तू मी कुणाला काय म्हणून देऊ? बाजाराच्या दिवशी सुक्या झिंग्यांच्या टोपलीत तळाशी घालून मी ते बरोबर नेलं. मला वेडीला वाटत होतं की तू येशील. बैठकीची बातमी खाणीत पोचली असेल, तू ऐन वेळी मांडवात शिरशील, आणि तेव्हा तुणतुणं घरी असायला नको. बाजारभर माझं लक्ष झिंग्यांवर नव्हतंच, सासूबाईंनी दोनदा टोकलं.

बाजार मोडला तशी माणसं मांडवात जमली. आपल्याकडची होती, वारलूच्या गावची होती, डोंगरातली माडिया माणसंही कडेला बसली होती. पंच म्हणून बापूजी. आम्ही बायका तट्टीच्या मागे. वारलूनं सुरुवातीला हलके सवाल टाकले, चिडवायला म्हणून. मरळीची पिल्लं गोळा होऊन पाण्यावर येतात तेव्हा त्यांची आई कुठं असते? ढिवरांच्या फडाला हे विचारायचं! खाली असते, राखण करत, म्हणून पोचूसुद्धा सांगू शकला. पानं गळल्यावर फुलतं आणि उभ्या माणसाला आडवं पाडतं, ते झाड कोणतं? सगळा मांडव हसला, कारण द्रोणातून त्याचाच वास येत होता. प्रत्येक जबाबाला द्रोण येत होता. पोचू भीतीनं पीत नव्हता, म्हणून त्याच्या वाटचाही हेच रिचवत होते. तू असतास तर अर्धा तू प्यायला असतास, एवढं तरी झालं असतं.

कंदील लागले तसे वारलूचे सवाल जड होत गेले. हेही जड टाकत होते, पण बाबांच्या कोऱ्या सवालांतले ज्यांचा जबाब स्वतःला अंदाजानं सांगता येईल तेवढेच काढत होते. तुझ्याशिवाय दुसरं काय करणार? समोरच्याला जबाब आला नाही तर तो सवाल टाकणाऱ्या फडानं स्वतः द्यायचा, नाही देता आला तर बैठक हरली आणि डफ गेला, हा नियम काही तुझ्यासाठी थांबत नाही. आणि एकदा वापरलेला सवाल उष्टा, तो पुन्हा चालत नाही. मी मागून त्यांची मान बघत होते. त्यांची पुंजी संपत आली की ते मान खाजवतात, तुला ठाऊक आहे. त्यांनी मान खाजवली, आणि डफावर थाप मारून तो सवाल टाकला. आईनं दार लिंपलं, आई आत बसली. बापानं दाणा दिला. आईनं दार फोडलं, आई उडाली. दार पुन्हा लिंपलं, सांगा, ते कोणी?

वारलू हुशार आहे, नाही म्हणणार नाही. त्यानं लगेच ओळखलं की हे धनेश पाखरू. मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते, फट तेवढी ठेवते, नर बाहेरून फळं भरवतो, हे जंगलात फिरणाऱ्या सगळ्यांना ठाऊक. पण पुढचं? तो म्हणाला, दुसऱ्यांदा नर लिंपतो. बापूजींनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मनसाराम, बरोबर हाये का? नसन तर तुया जबाब सांग." ह्यांनी पोचूकडे पाहिलं. पोचू आधी घाबरला आणि मग हसला. वारलूचा जबाब बरोबर आहे म्हणून मान्य केलं असतं, तर एक द्रोण त्यांना गेला असता आणि बैठक पुढे चालली असती. पण बाबा एवढा सोपा सवाल ठेवणार नाहीत, हे त्यांना कळत होतं, आणि बाबांच्या नावानं खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना. ते नुसते म्हणाले, "नाई. नर नाई." मग कोण, ते त्यांना ठाऊक नव्हतं. तेवढ्यात वारलू म्हणाला, "काऊन मनसाराम, जबाब बल्लारपुरात कोळसा खोदून राह्यला का?" लोक पोट धरून हसले.

इस्तारी, तुला तो जबाब ठाऊक आहे, कारण बाबांनी तुला सांगितला. मी तो पाहिला आहे. तू तेव्हा गोवरानं पडला होतास. बाबा मला मोह वेचायला घेऊन गेले आणि बेहड्याच्या झाडावरची ती ढोली दाखवली, बोटभर फट आणि आत हलणारी चोच. पुढे तेंदूपत्त्याच्या दिवसांत परत गेलो तर मादी बाहेर आलेली, नराबरोबर चारा आणणारी, आणि ढोली पुन्हा लिंपलेली. बाबांनी विचारलं, कोणी लिंपली असेल? मीही वारलूसारखंच म्हटलं, नरानं. ते म्हणाले, बस आणि बघ. उन्हात बसलो. थोड्या वेळानं लिंपण जिथं थोडं पडलं होतं तिथं आतून एक लहान चोच आली आणि थापायला लागली. बाबा इतके खूश झाले की त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि सवाल तिथंच जुळवला. घरी येऊन जबाब तुला शिकवला. मला म्हणाले, तू आता हे विसरून जा.

मी विसरले नव्हते. ह्यांची मान खाली जायला लागली, आणि मी उभी राहिले, तट्टी बाजूला केली आणि ओरडले, "पिल्लं! आई उडाल्यावर पिल्लंच लिंपते, आतून!" हातात काय होतं ते नंतर कळलं. घाईत उठताना टोपलीतून तुणतुणं घेऊनच उठले होते. माडियांतला एक म्हातारा हसला आणि त्यानं मान हलवली, हो, असंच असतं. वारलूचं तोंड उतरलं. क्षणभर, खरंच क्षणभर, मला वाटलं आपण जिंकलो. मग वारलूनं विचारलं की ही कोण, फडात कधीपासून बसते? आणि लोक पुन्हा हसले. नवऱ्याचा सवाल आणि बायकोचा जबाब, रात्री घरी पण असंच चालते का, असं कुणीतरी बोललं. बापूजींनी दटावलं, पण बोललं ते बोललं गेलं. आणि मग बापूजी म्हणाले, "फडातल्या मानसाचा जबाब फडाचा. बाहेरच्याचा जबाब हवेचा." ह्यांनी कुणी मागायच्या आत गळ्यातला डफ काढला, वारलूपुढे ठेवला आणि अंधारात चालायला लागले. मी टोपली डोक्यावर घेऊन मागून. सासूबाई वाटभर एकच म्हणत होत्या, "तुले तोंड उघडाले कोणं सांगलं होतं व? गप राह्यली असती तं नुसता डफ गेला असता. आता इज्जतबी गेली." त्यांचं खरं असेल, असं त्या रात्री मला वाटलं.

आता मात्र वाटत नाही. का, ते सांगते. ताप जास्त चढला त्या रात्री हे बडबडायला लागले. आधी काही अर्थ लागेना, मग कळलं की सवाल टाकतायत. बाबांचे कोरे सवाल, जे कधीच बैठकीत निघाले नाहीत. सवाल टाकायचे आणि थांबायचे, आणि जबाब आला नाही की हात आपटायचे, "सांग ना इस्तारी, काऊन गप बसला?" तुझं नाव घ्यायचे रे. घामानं खाट भिजली होती, सासूबाई कोपऱ्यात देवाला हात जोडून बसल्या होत्या. मी जवळ गेले आणि जबाब दिला. मुसळाच्या आवाजातून ऐकलेला. हात आपटायचा थांबला. दुसरा सवाल आला, त्याचाही दिला. असे आम्ही किती तरी वेळ बसलो होतो. कुठला मला येत नव्हता, तेव्हा मी तसं सांगितलं, आणि ते म्हणाले, "बरं, फुडचा घे." शेवटी झोप लागली. तुझ्या नावानं सुरू झालं होतं, पण शेवटी शेवटी ते माझ्याकडे बघत होते. तापात होते का शुद्धीत, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि सकाळी ते परत भिंतीकडे तोंड करून पडले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट रात्र होती, आणि खरं सांगू? मला ती संपू नये असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बापूजींकडे गेले. ओसरीत बसू दिलं, पाणी दिलं, मग म्हणाले, "बाई, तुया जबाब बरोबर होता हे मले मालूम हाये. तुणतुणं तुया हातात होतं हेबी म्या पाह्यलं. पन ते तुयं होतं का इस्तारीचं, हे म्या कसं सांगू? ते इस्तारी सांगन." होळीच्या आधीच्या बाजाराला ते पंच बसवणार आहेत. तुणतुणं बैठकीच्या आधीच मला देऊन झालं होतं असं तू उभं राहून सांगितलंस, तर मी फडातली, माझा जबाब फडाचा, आणि डफ घरी येतो. वारलूनंही ते कबूल केलं आहे. तो चिडवतो खूप, पण माणूस वाईट नाही. मी घरी आले आणि खुंटीवरचं तुणतुणं पुसायला काढलं. त्याची तार पावसाळ्यात तुटली होती, ती मी तशीच ठेवली होती, मला बसवता येत नाही. आता तिथं नवी तार होती, ताणलेली, सुरात लावलेली. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मले काय मालूम. घरात तिसरं माणूस तेवढं एकच आहे, जे खाटेवरून उठत नाही.

आता कारण लिहिते. डफ सोडवायला ये, असं सांगायला हे पत्र नाही, ते पोचू सांगून आला आणि तू नाही म्हणालास. मला तुझी जागा हवी आहे, इस्तारी. आजवर हे मी कुणाला बोलले नाही, स्वतःलाही नाही. आधी वाटलं, डफासाठी हवी. मग वाटलं, ह्यांच्या जिवासाठी हवी, आणि त्यासाठी हवीच आहे, ह्यांना मरू द्यायची नाही मला. पण नुसतं तेवढंच लिहिलं तर अर्धं झालं. मला ती माझ्यासाठी हवी आहे. आयुष्यभर मुसळ मारत ऐकलं ते मला तोंडानं बोलायचं आहे, तट्टीच्या पुढे बसून, एकदा तरी, मग दुकानाला कुलूप लागलं तर लागो. तुला खोटं बोल म्हणणार नाही. सांभाळायला दिलं होतंस, तर तसं सांग आणि तुणतुणं घेऊन जा. पण न येऊन मला हवेत ठेवू नकोस. त्या सकाळी तुझा पाय पायरीवर होता, कंडक्टर ओरडत होता, आणि तू खाली उतरलास. कशाला उतरलास? तुला तुणतुणं नको होतं, तर मोटारीतून फेकता आलं असतं. पोचू तिथंच उभा होता, त्याला देता आलं असतं. तू मला दिलंस. बाबांच्या रीतीप्रमाणे सवाल मी टाकला आहे, आणि जबाब माझ्याजवळ नाही.

तुझीच बहीण,
गोकुळा